संविधानातील एखाद्या अनुच्छेदामागची तडजोड कशी शोधावी

भारताची संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने संविधान स्वीकारले. मधल्या काळात देशाची फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे दिल्लीत येऊन थडकले, गांधीजींची हत्या झाली, शेकडो संस्थाने विलीन झाली, आणि हे सगळे चालू असताना सभेत अनुच्छेदांवर चर्चा होत राहिली. त्या चर्चेचे छापील १२ खंड आज कोणालाही वाचता येतात. अडचण अशी की उत्साही वाचक पहिला खंड उघडून पहिल्या पानापासून वाचू लागतो, स्वागताच्या आणि अभिनंदनाच्या भाषणांत अडकतो आणि पंधरा दिवसांत पुस्तक मिटून ठेवतो. मीही सुरुवातीला हेच केले होते. म्हणून पहिली सूचना अशी की खंड क्रमाने वाचू नयेत. एकच अनुच्छेद निवडावा आणि त्याच्या अंतिम शब्दांपासून उलट दिशेने मागे जावे.

असे मागे जाताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. सभासदाच्या भाषणातून त्याला काय हवे होते ते कळते, पण शेवटी त्याला काय मिळाले ते अनुच्छेदातल्या बदललेल्या शब्दांतूनच कळते. तडजोडीचा पुरावा बहुधा एखाद्या विशेषणात, एखाद्या परंतुकात (मूळ नियमाला अपवाद किंवा अट जोडणाऱ्या वाक्यात), वर्षांच्या मर्यादेत, किंवा अनुच्छेद कोणत्या भागात नेऊन ठेवला यात सापडतो. वक्तृत्वाच्या मोहात पडणाऱ्या वाचकाच्या हातून हा पुरावा निसटतो.

अनुच्छेदाची निवड

सुरुवातीला असा अनुच्छेद घ्यावा ज्याचा मजकूर थोडा अवघडलेला वाटतो. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ पाहा. तो दोन वाक्यांचा आहे, त्याला परंतुक नाही, मुदत नाही, आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेने तो फारसा वाद न होता मंजूर केला. याउलट अनुच्छेद २२, ३४३ किंवा १६ वाचताना एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने थोडे आवरून धरल्यासारखे वाटते. ‘मात्र’, ‘तथापि’, ‘इतक्या वर्षांपर्यंत’, ‘राज्याच्या मते’ असे शब्द जिथे दाट असतात तिथे कोणीतरी कोणाशी तरी बोलणी केलेली असतात. हा नियम सर्वत्र लागू पडत नाही, कारण काही लांबलचक अनुच्छेद केवळ प्रशासकीय तपशिलामुळे लांबले आहेत. निवडीपुरती मात्र ही खूण पुरेशी आहे.

निवड झाली की पहिला खड्डा येतो तो क्रमांकांचा. सभेने ज्या मसुद्यावर चर्चा केली त्यातले क्रमांक अंतिम संविधानातले नाहीत. आजचा अनुच्छेद १६ तेव्हा मसुद्यात १० होता, २१ हा १५ होता आणि ४४ हा ३५ होता. चर्चेच्या ओघात नव्याने घातलेल्या अनुच्छेदांना अक्षरे जोडलेली दिसतात, जसे की आजचा ४८ हा तेव्हा ३८-अ होता आणि आजचा ३७० हा ३०६-अ. हे माहीत नसलेला वाचक अनुच्छेद २१ ची चर्चा शोधत भलत्याच विषयाच्या पानावर पोहोचतो आणि ‘यावर चर्चाच झाली नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही क्रमांक लिहून ठेवावेत.

चार मजकूर एकाखाली एक

त्यानंतर त्या अनुच्छेदाची निदान चार रूपे मिळवावीत. पहिले रूप १९४७ मधल्या समित्यांच्या अहवालांत असते. मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याक यांसाठीची सल्लागार समिती वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली होती आणि तिच्या उपसमित्यांत पुष्कळ गोष्टी आधीच ठरल्या होत्या. दुसरे रूप संवैधानिक सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये तयार केलेल्या मसुद्यात मिळते. तिसरे रूप म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केलेला मसुदा, आणि चौथे अंतिम संविधान. डॉ. आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितल्याप्रमाणे राव यांच्या मसुद्यात २४३ अनुच्छेद होते, मसुदा समितीच्या पहिल्या मसुद्यात ३१५ झाले आणि अखेरीस ३९५. सभासदांनी सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल केल्या होत्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. समित्यांचे अहवाल आणि आरंभीचे मसुदे बी. शिवराव यांनी संपादित केलेल्या दस्तऐवजांच्या खंडांत आहेत. डॉ. आंबेडकरांची सभेतली भाषणे सलग वाचायची असतील तर महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषण मालेचा १३ वा खंड सोयीचा आहे.

ही चार रूपे एकाच पानावर एकाखाली एक लिहावीत. छायाप्रती चिकटवण्यापेक्षा हाताने लिहिणे बरे, कारण लिहिताना बदललेला शब्द आपोआप डोळ्यांत भरतो. ज्या ओळीत शब्द आला, गेला किंवा सरकला तिथे खूण करावी, आणि तो कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान बदलला ते समासात लिहावे. यापुढचे सगळे वाचन त्या दोन तारखांच्या आत करायचे.

एक उदाहरण सविस्तर: ‘मागास’ हा शब्द

सार्वजनिक सेवेत समान संधी देणारा अनुच्छेद १६ घेऊ. १९४७ च्या सल्लागार समितीच्या अहवालात असे म्हटले होते की सेवांमध्ये ज्या वर्गांना राज्याच्या मते पुरेसे प्रतिनिधित्व मिळालेले नाही त्यांच्यासाठी राखीव जागांची तरतूद करण्यास राज्याला आडकाठी नसावी. मसुदा समितीच्या मजकुरात याच तरतुदीत ‘वर्ग’ या शब्दाआधी ‘मागास’ हे विशेषण आले. चार रूपे एकाखाली एक लिहिलेली असतील तर हा फरक लगेच दिसतो. भाषणांपासून सुरुवात केली असेल तर तो कदाचित दिसणारच नाही.

आता ३० नोव्हेंबर १९४८ ची चर्चा उघडावी. येथे वाचनाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या दिवशी मांडलेल्या दुरुस्त्या वाचाव्यात, मग शेवटचे उत्तराचे भाषण वाचावे आणि मधली भाषणे सर्वांत शेवटी. दुरुस्त्यांवरून मैदानाच्या सीमा कळतात. कोणाला राखीव जागांचे कलम पूर्णपणे वगळायचे होते, कोणाला ‘मागास’ हा शब्द काढून कलमाची व्याप्ती वाढवायची होती, तर हृदयनाथ कुंझरू यांना या तरतुदीला दहा वर्षांची मुदत हवी होती. म्हणजे तीन दिशांनी तीन ओढी होत्या.

डॉ. आंबेडकरांचे त्या दिवशीचे उत्तर या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण त्यात तडजोड घडवणारा माणूस स्वतःच तिची वीण उलगडून दाखवतो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सभेपुढे तीन दृष्टिकोन होते. सर्व नागरिकांना समान संधी मिळाली पाहिजे, हा पहिला. हे तत्त्व पूर्णपणे अमलात आणायचे तर कोणत्याही वर्गासाठी राखीव जागा असता कामा नयेत, हा दुसरा. तत्त्व म्हणून हे ठीक असले तरी आजवर प्रशासनाबाहेर राहिलेल्या समाजांना आत येण्यासाठी वाट ठेवली पाहिजे, हा तिसरा. तिसरी मागणी पूर्णांशाने मान्य केली तर पहिले तत्त्वच नाहीसे होईल, हे पटवण्यासाठी त्यांनी ७० टक्के जागा राखीव ठेवल्या आणि ३० टक्केच खुल्या उरल्या तर काय, असे उदाहरण दिले. राखीव जागा अल्पसंख्य राहाव्यात आणि अपवादाने नियमाला गिळू नये, यासाठी ‘मागास’सारखा एखादा मर्यादा घालणारा शब्द अपरिहार्य होता, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मागास कोण, हा प्रश्न अर्थातच आला. त्यावर त्यांचे उत्तर असे की कोणता समाज मागास आहे हे ते ते सरकार ठरवेल. म्हणजे व्याख्या जाणीवपूर्वक मोकळी सोडली गेली. ही तर वकिलांची चंगळ होईल, असा टोमणा टी. टी. कृष्णम्माचारी यांनी मारला होता आणि पुढच्या सत्तर वर्षांनी तो खोटा ठरवलेला नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागांवरच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेची चर्चा करताना डॉ. आंबेडकरांच्या याच भाषणाकडे पाहिले, आणि ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा ज्या मर्यादेवर अडला ती हीच मर्यादा. आपल्याकडे या विषयावर कट्ट्याकट्ट्यावर वाद होतात. ३० नोव्हेंबर १९४८ ची पाने वाचलेली माणसे त्यांत किती असतात, याबद्दल मला शंका आहे.

आता वहीत तीन ओळी लिहाव्यात. कोणाला काय हवे होते, कोणी काय सोडले आणि काय ठरवायचे पुढे ढकलले. तिसरी ओळ विसरू नये. बहुतेक वाचक पहिल्या दोन ओळींवर थांबतात, पण संविधान सभेच्या अनेक मोठ्या तडजोडी तिसऱ्या ओळीतच आहेत.

मुदत आणि जागा

पुढे ढकलण्याचे सर्वांत ठळक उदाहरण भाषेचे आहे. हा वाद १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांत सभेत झाला, तरी त्याची धुसफूस पहिल्या आठवड्यापासूनची होती. १० डिसेंबर १९४६ रोजीच झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर हिंदुस्तानीत बोलायला उभे राहिले होते आणि जिला हिंदुस्तानी येत नाही अशा व्यक्तीला या देशात राहण्याचा हक्क नाही, इथपर्यंत त्यांनी मजल मारली होती. उलट बाजूने कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये, अखंड भारत हवा की हिंदी-भारत हवा हे उत्तरेकडच्या मित्रांनी ठरवावे, असा इशारा दिला. १२ सप्टेंबरला चर्चेच्या आरंभी अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी सभासदांना बजावले की बहुमताने एखादा प्रस्ताव संमत करून घेतला तरी उत्तरेतल्या किंवा दक्षिणेतल्या मोठ्या समूहाला तो पटला नाही, तर संविधान राबवणेच कठीण होईल. तीन दिवसांची चर्चा वाचायला घेण्यापूर्वी त्यांचे हे निवेदन वाचावे. आकड्यांच्या बळावर निर्णय घ्यायचा नाही हे सभेने का ठरवले, ते त्यातून समजते.

गोपालस्वामी अय्यंगार यांनी मांडलेला आणि मुनशी-अय्यंगार सूत्र म्हणून ओळखला जाणारा मजकूर वाचताना ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द कुठे दिसतो का, ते शोधावे. तो नाही. देवनागरी लिपीतली हिंदी ही ‘संघराज्याची राजभाषा’ आहे, इंग्रजी १५ वर्षे पूर्वीप्रमाणे चालू राहील आणि त्यानंतरही इंग्रजीच्या वापराची तरतूद संसद कायद्याने करू शकेल. हिंदीच्या पुरस्कर्त्यांना स्थान मिळाले, दक्षिणेला वेळ मिळाला. अंकांवरून तर सूत्र मोडता मोडता वाचले, कारण पुरुषोत्तमदास टंडन आणि त्यांचे सहकारी देवनागरी अंकांसाठी हटून बसले होते. अनुच्छेद ३४३ मध्ये त्या अंकांना ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असे म्हटले आहे. हे शब्द दोनदा वाचावेत. रूप आंतरराष्ट्रीयच स्वीकारले, पण अंक मुळात आपलेच आहेत हे नावातच नोंदवले, आणि १५ वर्षांच्या काळात राष्ट्रपती देवनागरी अंकांचाही जोडीने वापर करण्यास परवानगी देऊ शकतील, अशी वाटही परंतुकात ठेवली. मराठी पुस्तकांत आपण पृष्ठक्रमांक सहज देवनागरीत वाचतो, त्यामुळे या वादाची धार आपल्याला चटकन जाणवत नाही. मुदत संपण्याच्या सुमारास, १९६३ मध्ये, राजभाषा अधिनियम झाला. तरीही जानेवारी १९६५ मध्ये मद्रास राज्यात उग्र आंदोलन पेटले आणि १९६७ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. म्हणून मुदत घातलेला अनुच्छेद अभ्यासताना मुदत संपली त्या वर्षापर्यंत जावे.

दुसरी युक्ती म्हणजे अनुच्छेदाची जागा बदलणे. समान नागरी संहिता न्यायालयात मागता येईल असा हक्क असावी, असे मिनू मसानी, राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांचे १९४७ मध्ये भिन्नमत होते. ती निदेशक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात मागता न येणाऱ्या तत्त्वांत, गेली. तिथेही २३ नोव्हेंबर १९४८ रोजी अनेक मुस्लिम सभासदांनी व्यक्तिगत कायदा वगळणारी परंतुके सुचवली आणि ती नाकारली गेली. उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी मात्र असे सुचवले की पुढची संसद अशी संहिता प्रथम स्वेच्छेने स्वीकारणाऱ्यांपुरती लागू करू शकेल. अनुच्छेदाच्या शब्दांत न आलेली तडजोड कधीकधी अशी उत्तराच्या भाषणात राहून जाते.

तारखा दूर असतात तेव्हा

काही देवघेव एका दिवसाच्या चर्चेत सापडत नाही. अनुच्छेद २१ मध्ये जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य ‘कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार’च हिरावून घेता येते. त्याऐवजी अमेरिकी पद्धतीची ‘ड्यू प्रोसेस’ ही संज्ञा (जिच्यामुळे कायदा न्याय्य आहे का हेही न्यायालय तपासू शकते) हवी, असा आग्रह डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन आदींनी धरला. त्याआधी राव अमेरिकेला जाऊन न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटून आले होते आणि ही संज्ञा न्यायाधीशांच्या हाती फार मोठा अधिकार देते, असे त्यांचे मत बनले होते. १३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी पक्षांधळे विधिमंडळ आणि आपल्या मर्जीने कायदे रद्द करणारे मूठभर न्यायाधीश, असे दोन्ही धोके सभेपुढे ठेवले आणि निर्णय सभेवर सोपवला. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या.

इथे वही मिटू नये. नऊ महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९४९ रोजी, १५-अ हा नवा अनुच्छेद आला, तोच आजचा २२. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे या हमी त्यात आहेत, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खटल्याविना अटकेत ठेवण्यालाही, त्यातच जागा दिली आहे. मसुद्यातल्या अनुच्छेद १५ वर (म्हणजे आजच्या २१ वर) सभेतला मोठा गट नाराज होता आणि त्याची ही भरपाई आहे, असे डॉ. आंबेडकरांनी त्या दिवशी उघडपणे सांगितले. म्हणून निवडलेल्या अनुच्छेदाचा शेजारही तपासावा. एखादा गट एका ठिकाणी हरला असेल तर त्याची समजूत कुठे घातली गेली, हे खंडांच्या सूचीत त्याच विषयाच्या नंतरच्या तारखा पाहून शोधता येते.

उलटेही घडते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांत संयुक्त मतदारसंघांतून (जिथे सर्व धर्मांचे मतदार एकत्र मत देतात) राखीव जागा ठेवण्याचे ऑगस्ट १९४७ मध्ये ठरले होते, आणि मे १९४९ मध्ये सभेने तो निर्णय मागे घेतला. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या जागा दहा वर्षांच्या मुदतीने राहिल्या. मजहबी, रामदासिया, कबीरपंथी आणि सिकलीगर या शीख समाजांना अनुसूचित जातींच्या यादीत घेणे हा शीख प्रतिनिधींशी झालेल्या समझोत्याचा भाग होता. १९४७ च्या अहवालावर थांबणारा वाचक यातले काहीच पाहत नाही.

साधनांच्या मर्यादा

इंग्रजी खंडांत हिंदी-हिंदुस्तानीतली भाषणे भाषांतरित स्वरूपात आहेत आणि तशी नोंद तिथे असते. अशा भाषणातल्या एकेका शब्दावर निष्कर्ष उभारू नये. बरीचशी बोलणी काँग्रेस पक्षाच्या सभासदांच्या बैठकांत होत, आणि त्यांचा शब्दशः वृत्तान्त सभेच्या खंडांत नाही. त्यामुळे एखादी तीव्र हरकत दुसऱ्या दिवशी अचानक मागे घेतलेली दिसली, तर त्यामागचे कारण कल्पनेने भरू नये. तारीख नोंदवून जागा मोकळी ठेवावी आणि त्या सभासदांच्या प्रसिद्ध पत्रव्यवहारात शोध घ्यावा.

आवाजी मतदान हा नेहमीचा प्रकार होता, म्हणून प्रत्यक्ष मोजणी झालेले प्रसंग विशेष पाहावेत. देशाच्या नावाविषयी ह. वि. कामथ यांची दुरुस्ती १८ सप्टेंबर १९४९ रोजी ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली, आणि उद्देशिकेत ईश्वराचे नाव घालण्याची त्यांचीच सूचना १७ ऑक्टोबरला ४१ विरुद्ध ६८ ने फेटाळली गेली. कामथ, विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू ही मंडळी दुरुस्त्या मांडून पुष्कळदा हरली. डॉ. आंबेडकरांनी अखेरच्या भाषणात त्यांची नावे घेऊन आभार मानले. त्यांच्या हरलेल्या दुरुस्त्या न वगळता वहीत उतरवाव्यात, कारण सभा कुठपर्यंत जायला तयार नव्हती ती रेषा त्यांनीच आखली आहे.

मराठीत ‘तडजोड केली’ असे म्हटले की माघार घेतल्याचा वास येतो, आणि तो वास आपल्या टिपणात नकळत शिरतो. कोण ‘झुकले’, कोणी ‘नमते घेतले’ असे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तर ते खोडून त्या जागी नेमका बदललेला शब्द आणि तारीख लिहावी.

सरावासाठी अनुच्छेद ४८ घ्यावा. ठाकूरदास भार्गव यांनी २४ नोव्हेंबर १९४८ रोजी तो मांडला. गोवंशाच्या रक्षणाची मागणी त्यात आहे, पण वाक्याची सुरुवात आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने शेती व पशुसंवर्धन करण्यापासून होते. धार्मिक कारण असेल तर ते सरळ सांगावे, असे त्या दिवशी काही मुस्लिम सभासदांनी म्हटले होते. मसुदा समितीचे सय्यद मुहम्मद सादुल्ला हेही त्या चर्चेत बोलले. आधी अनुच्छेद हाताने उतरवावा, त्यातल्या कोणत्या शब्दांनी कोणाचे समाधान झाले असेल याचा अंदाज पेन्सिलीने समासात लिहावा, आणि मगच त्या दिवसाची पाने उघडून अंदाज पडताळावा.